विजेच्या भीतीचा आणि विजेबद्दलच्या समजुतींचा इतिहास

मिरगाचा पाऊस आला की आदिलाबादच्या शेतकऱ्याला आनंद होतो आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो. पेरणीची घाई असते, सगळे घर वावरात असते आणि दुपार कलली की पैनगंगेकडून काळे ढग चढू लागतात. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या जिल्ह्यात गादिगुडा आणि बेला या दोन मंडळांत मिळून एकाच दिवशी सहा जण वीज पडून दगावले. सगळे शेतात कामाला गेलेले होते. गादिगुड्याकडची मंडळी पावसापासून वाचायला वावरातल्या झोपडीत शिरली होती. आसरा म्हणून जिथे गेली, तिथेच वीज आली.

अशी बातमी आली की आपण हळहळतो आणि म्हणतो, "नशीब, दुसरे काय!" नशिबाचा भाग असतोच. पण माणूस वीज कडाडत असताना कुठे उभा राहतो, हे बरेचदा त्याच्या डोक्यात असलेल्या समजुतींवर ठरते. या समजुतींनाही इतिहास आहे. काही आजीकडून आल्या, काही शाळेतल्या अर्धवट विज्ञानातून आल्या, काही तर अगदी अलीकडे मोबाईलबरोबर आल्या. हा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात घरातूनच करू. आपल्याकडे वीज ही इंद्राच्या वज्राशी जोडलेली. दधीचि ऋषींच्या अस्थींपासून वज्र झाले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दुसरी कथा देवकीच्या आठव्या बाळाच्या जागी आणून ठेवलेल्या मुलीची. कंसाने तिला शिळेवर आपटायला उचलले, ती हातातून निसटली आणि आकाशात गेली. तीच वीज झाली, असे आपल्या आज्या सांगत. कंस मामा होता, म्हणून वीज चमकत असताना मामा-भाच्याने जवळजवळ उभे राहू नये, अशी समजूत काही घरांत आजही आहे. आमच्या घरी वीज कडाडू लागली की आरसा झाकला जाई आणि अंगणातली तांब्या-पितळेची भांडी आत घेतली जात.

शेजारच्या तेलुगू घरांत वेगळी पद्धत. वीज कडाडली की तिथली लहान मुले अर्जुनाची नावे घेत. आम्ही एकत्र वाढल्यामुळे आमच्याही तोंडी ती नावे बसली. या नावांचा संदर्भ महाभारताच्या विराटपर्वात आहे. कौरवसेना पाहून घाबरलेल्या राजपुत्र उत्तराला शमीच्या झाडापाशी अर्जुन आपली दहा नावे सांगतो, आणि त्या पोराला धीर येतो. घाबरलेल्या मुलाला धीर देण्यासाठी ती नावे पुढे चालू राहिली, हे किती साहजिक आहे! घरात पांघरुणात बसून नावे घेणाऱ्या मुलाचे त्यात काहीच नुकसान नाही. नुकसान होते ते तीच नावे चिंचेखाली उभे राहून घेतली तर.

आता पायाळूची गोष्ट. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि पायाळूवर वीज पडते, ही समजूत विदर्भ-मराठवाड्यापासून आपल्या आदिलाबादपर्यंत सगळीकडे आहे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो, पण समजुतींना सीमा कुठली? पाऊस आला की पायाळू मुलाला बाहेर सोडत नसत. काही बायांना तर "तू आमच्याजवळ बसू नको" असे वावरात तोंडावर सांगितले गेले आहे.

थोडा हिशेब करून पाहू. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत साधारण तीन-चार बाळांचा पायाकडचा भाग आधी असतो. म्हणजे पायाळू काही दुर्मीळ नाहीत, गावोगाव आहेत. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण म्हातारा होऊनच जातो. विजेला जन्माची वेळ कळत नाही. तिला उंची कळते आणि जमिनीकडे जाणारी सोपी वाट कळते. पण या समजुतीचा खरा तोटा वेगळाच आहे. एखाद्यावर वीज पडली की गाव विचारते, "पायाळू होता का?" मग तो कोणत्या झाडाखाली उभा होता, हे कुणी विचारत नाही. आणि जो पायाळू नाही तो निर्धास्तपणे त्याच झाडाखाली जाऊन उभा राहतो.

असे फक्त आपल्याकडेच झाले असे समजू नका. युरोपात शेकडो वर्षे अशी श्रद्धा होती की वादळात चर्चची घंटा वाजवली की विजा पांगतात. घंटांवर तशी अक्षरेही कोरलेली असत. आता विचार करा: गावातली सर्वांत उंच इमारत, तिच्या मनोऱ्यात धातूची घंटा, घंटेला ओला दोर आणि तो दोर हातात धरलेला माणूस. १७८४ मध्ये म्युनिक येथे प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात नोंद आहे की तेहतीस वर्षांत ३८६ चर्चच्या मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे शंभराहून अधिक लोक मेले. गावाला वाचवायला गेलेलेच आधी गेले. आपल्या समजुतीपायी माणूस नेमका धोक्याच्या ठिकाणी जाऊन उभा राहतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

हे कोडे सोडवणारा माणूस अमेरिकेतला, बेंजामिन फ्रँकलिन. छपाईचा धंदा करणाऱ्या या गृहस्थाने मांडले की आकाशातली वीज आणि घर्षणाने निर्माण होणारी ठिणगी एकच आहेत. त्याने सुचवलेला प्रयोग १० मे १७५२ रोजी फ्रान्समध्ये मार्ली या गावी यशस्वी झाला; उभ्या केलेल्या उंच लोखंडी सळईतून ढगातली वीज खाली आली. त्याच वर्षी फ्रँकलिनने पतंगाचा प्रसिद्ध प्रयोगही केला. पुढच्याच वर्षी रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना जागीच मरण पावला. विजेशी खेळ नाही, हे शास्त्रज्ञांनाही जीव देऊन शिकावे लागले.

फ्रँकलिनच्या प्रयोगांतून तडितरक्षक आला. इमारतीच्या माथ्यावर एक टोकदार सळई लावायची आणि जाड तारेने ती थेट जमिनीत पुरायची. वीज पडली तर सळईवर पडेल आणि भिंतीला धक्का न लावता जमिनीत जाईल. उपाय इतका सोपा, तरी लोकांनी तो लगेच स्वीकारला नाही. देवाच्या कोपाला सळईने अडवणे हे पाप, असे काही धर्मगुरूंना वाटे. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात तटबंदीच्या एका बुरुजावर वीज पडली. तिथे बंदुकीच्या दारूचा मोठा साठा ठेवला होता. त्या स्फोटात शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर मात्र दारूच्या कोठारांवर तडितरक्षक बसू लागले.

ढगातली वीज आणि तारेतली वीज एकच, हा फ्रँकलिनचा शोध मराठीने एका शब्दातच सामावून घेतला. संस्कृतातल्या विद्युत्चे प्राकृतात विज्जु झाले आणि मराठीत वीज. पुढे तारेतून दिवा लावणारी शक्ती आली, तेव्हा आपण तिलाही वीजच म्हटले. तेलुगूत तसे नाही. तिथे चमकते ती मेरुपु, पडते ती पिडुगु, आणि घरात येते तो करंट. आपल्याकडे बल्बातली आणि ढगातली एकच. विज्ञानाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर. पण याच एका शब्दामुळे नव्या समजुती जन्माला आल्या असाव्यात, असे मला वाटते. तारेच्या विजेबद्दल जे खरे, ते ढगातल्या विजेबद्दलही खरेच असणार, असे आपण धरून चाललो.

पहिली समजूत म्हणजे रबरी चप्पल. वायरमन रबरी बूट घालतो, म्हणून आपणही चप्पल घातली की वाचलो, असे पुष्कळांना वाटते. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. ढगातली वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली येते, आणि हवा हीदेखील वीज न वाहणारीच वस्तू आहे. तिच्यापुढे बोटभर रबराची काय कथा? मोटारीत माणूस सुरक्षित असतो हे खरे, पण ते टायरमुळे नाही. चारी बाजूंचा आणि छताचा पत्रा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतो, म्हणून. तेव्हा जीप किंवा बसमध्ये काचा बंद करून बसणे चांगले. मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर आणि कापडी छताचा ऑटो यांचा काही उपयोग नाही, टायर कितीही जाड असले तरी.

दुसरी समजूत सर्वांत घातक. वीज पडलेल्या माणसाला हात लावू नये, आपल्यालाही झटका बसेल. तारेला चिकटलेल्या माणसाबद्दल हे अगदी खरे आहे, कारण तिथे प्रवाह चालूच असतो. ढगातली वीज मात्र सेकंदाच्या काही अंशात जमिनीत जाऊन संपते. त्या माणसाच्या अंगात काहीही उरत नाही. विजेने मृत्यू होतो तो बहुतेक वेळा हृदय आणि श्वास थांबल्यामुळे, आणि त्याच वेळी कुणी छातीवर जोराने, सारख्या गतीने दाब देत राहिले तर माणूस वाचू शकतो. लगेच १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत दाब देणे थांबवायचे नाही. आपल्या देशात कित्येक ठिकाणी अशा माणसाला शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात, म्हणजे अंगातली वीज निघून जाईल. निघून जातात ती वाचवण्याची मोलाची मिनिटे.

तिसरी समजूत: एकदा पडली तिथे वीज पुन्हा पडत नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर दरवर्षी साधारण वीसेक वेळा वीज पडते. अमेरिकेतला रॉय सलिव्हन हा वनरक्षक १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा विजेच्या तडाख्यातून वाचला. उंच जागा उंचच राहते, म्हणून वीज तिथे परत येते. जळालेले झाड दिसले म्हणून ते सुरक्षित, असे मुळीच नाही.

चौथी मोबाईलची. मोबाईल वीज खेचतो, म्हणून तो दूर फेकून द्यावा, असे निरोप दर पावसाळ्यात फिरतात. खिशातला मोबाईल वीज खेचत नाही. भिंतीतून तार आलेला जुना टेलिफोन किंवा चार्जिंगला लावलेला फोन मात्र वादळात हातात घेऊ नये, कारण तारेवाटे वीज घरात येऊ शकते. खुरप्या-विळ्याचेही तसेच. छोटे लोखंड वीज खेचत नाही. माणूस सपाट वावरात एकटा उंच उभा असतो, हे खरे कारण. उभी धरलेली छत्री किंवा खांद्यावरची लांब पहार ती उंची आणखी वाढवते, एवढेच.

पाचवी झाडाची आणि झोपडीची. पाऊस लागला की झाडाखाली जावे, हे इतके अंगवळणी पडले आहे की ती समजूत आहे हेच लक्षात येत नाही. वीज झाडावर पडली की ती खोडातून उतरताना शेजारच्या माणसाकडे उडी मारते. शिवाय जमिनीत शिरल्यावर ती भोवताली पसरते. जनावरांचे दोन पायांतले अंतर जास्त आणि मधे हृदय, म्हणून झाडाखाली बांधलेल्या चार-चार बैलांचे एकदम प्राण जातात. वावरातली झोपडी, चारी बाजूंनी उघडा मांडव, बसथांब्याची शेड, या सगळ्यांत पाऊस लागत नाही, पण विजेपासून बचाव होत नाही. खरा आसरा दोनच ठिकाणी: पक्के घर, ज्यात नळ आणि विजेची तार भिंतीतून जमिनीपर्यंत गेलेली आहे, किंवा पत्र्याची बंद गाडी. शाळेवर तडितरक्षक असला तरी तो शाळेपुरताच. सगळ्या गावाला त्याची छाया पुरत नाही.

इथे आपल्या भागाची खरी अडचण समोर येते. कपाशीच्या वावरात पक्के घर कुठून आणायचे? गाव दोन-तीन किलोमीटर लांब, वाट चिखलाची. पाय जोडून उकिडवे बसावे, कानावर हात ठेवावेत, असे सांगतात. ते ठीक आहे, पण तो अगदी शेवटचा, नाइलाजाचा उपाय. तेवढ्याने माणूस सुरक्षित होत नाही. वीज डोक्यावर आल्यावर वावरात सुरक्षित जागा उरतच नाही. म्हणून कुठे पळायचे यापेक्षा कधी निघायचे, हे आधी ठरवावे लागते.

वेळ कळण्याचा सोपा हिशेब आहे. वीज चमकली की मोजायला सुरुवात करा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावरही पडू शकते, डोक्यावर पाऊस नसला तरी. मग काम सोडून निघायचे, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. अजून आधी कळावे म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोफत ॲप काढले आहे. विजेचा वेध घेणारे या संस्थेचे संवेदक आधी महाराष्ट्रात बसले, नंतर देशभर. आपण आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज असेल तर ते ॲप सूचना देते. ज्या मोबाईलला आपण वीज खेचणारा समजतो, तोच जीव वाचवू शकतो.

हे सांगणे का जरुरीचे आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसे वीज पडून मेली. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक गेले, तेव्हा सगळा देश हादरला. मग इशाऱ्याची व्यवस्था झाली, लोकांना आधीच हलवू लागले आणि पुढच्या वादळांत बळी कितीतरी कमी झाले. वीज मात्र एकेक, दोन-दोन माणसे नेते. बातमी आतल्या पानावर येते आणि विसरली जाते. तीन-चार वर्षांची बेरीज केली तर ती त्या महावादळाएवढी होते.

आणि जाणारे कोण असतात? निंदणाला गेलेल्या बाया, गुराखी, सालगडी. आपल्यापैकी पुष्कळांची घरे इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. आपल्याला शेती आहे, पण आपण स्वतः दुपारी चार वाजता वावरात असतोच असे नाही. ढग आले की मजूर बाई मालकाच्या तोंडाकडे पाहते. तिला निघावेसे वाटते, पण अर्धा दिवस कापला जाईल ही भीती विजेच्या भीतीपेक्षा मोठी असते. ती पायाळू आहे की नाही याने काही ठरत नाही. तिला "घरी जा" असे कोण आणि कधी म्हणते, याने ठरते. म्हणून माझी विनंती ऐका. आपल्या वावरात काम करणाऱ्यांना या हंगामापासून स्पष्ट सांगा: गडगडाट ऐकू आला की काम बंद, आणि मजुरी पूर्ण. वर्षात असे फार तर आठ-दहा दिवस येतील. तेवढी मजुरी कुठल्याही पूजेच्या खर्चापेक्षा जास्त होणार नाही.

लोकमान्यांनी १८९३ साली गणपती चौकात आणला तो लोकांनी एकत्र येऊन चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात म्हणून. आपल्याही मंडपात यंदा आरतीनंतर पाच मिनिटे या विषयाला द्यावीत, मराठीत आणि तेलुगूतही. परतीच्या पावसाचे दिवस आता येतीलच, आणि तो पाऊस विजा घेऊनच येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत गडगडाट झाला तर लोखंडी पाइपांच्या मंडपाखाली गर्दी करू नका. मुले आणि म्हातारी माणसे आधी जवळच्या पक्क्या घरात न्या. गणपतीबाप्पा अर्धा तास थांबेल. तो विघ्नहर्ता आहे, पण गडगडाट ऐकून पाऊल आपल्यालाच उचलायचे आहे.